काकूंच्या चार आण्यांवरचा कर

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली.

विषय : छोट्या भागीदारी पेढीतील भागीदाराचा करपात्र हिस्सा

महोदया,



सांगलीत मी छोट्या भागीदारी पेढ्यांचे हिशेब आणि आयकराची कामे पाहतो. हळद-बेदाण्याचे व्यापारी, भुसार मालाचे दुकानदार, तालुक्याच्या गावातले हार्डवेअर आणि शेती-अवजारांचे विक्रेते अशी मंडळी माझ्याकडे येतात. धंदा बहुधा दोन भावांचा, काका-पुतण्यांचा, क्वचित दोन मित्रांचा. या पेढ्यांतल्या भागीदाराचा करपात्र हिस्सा कसा काढला जातो आणि त्या हिशेबातून कराचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर जातो, ते आपल्यापुढे आकड्यांनिशी मांडावे म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते खुले ठेवले, कारण ज्यांचा हा प्रश्न आहे त्या भागीदारांनाही आपला कर कुठे कापला गेला हे बहुतेक वेळा कळत नाही. ताळेबंदावर सही करताना ते फक्त शेवटचा आकडा पाहतात.

एक नमुना पेढी घेऊ. वर्ष २०२५-२६. भागीदार चार, प्रत्येकाची चार आणे भागी. दोन भाऊ सकाळी दुकान उघडण्यापासून रात्री रोजमेळ बंद करेपर्यंत तिथेच असतात. तिसरा भाऊ गावाकडे शेती पाहतो. चौथ्या त्यांच्या काकू. काका वारले तेव्हा भागीदारी पत्र नव्याने झाले आणि काकांच्या जागी त्यांचे नाव लागले. चौघांचे भांडवल प्रत्येकी अडीच लाख, म्हणजे एकूण दहा लाख. मालाची खरेदी, भाडे, हमाली, नोकरांचे पगार, वीज असा सगळा खर्च जाऊन वर्षाचा नफा उरला १६ लाख रुपये. चौघांनाही दुसरे करपात्र उत्पन्न नाही असे धरू.

आता कायदा या १६ लाखांचे तीन तुकडे करतो.

पहिला तुकडा भांडवलावरच्या व्याजाचा. भागीदारी पत्रात तशी तरतूद असेल तर दरसाल १२ टक्के सरळ व्याजापर्यंतची रक्कम पेढीला खर्च म्हणून वजा मिळते. दहा लाखांवर १ लाख २० हजार. प्रत्येकाला ३० हजार. उरले १४ लाख ८० हजार. कायद्याच्या भाषेत हा पेढीचा ‘बुक प्रॉफिट’.

दुसरा तुकडा मेहनतान्याचा. तो फक्त कार्यरत भागीदाराला, म्हणजे आपण ज्याला वर्किंग पार्टनर म्हणतो त्यालाच देता येतो आणि त्याला सूत्र आहे. बुक प्रॉफिटच्या पहिल्या सहा लाखांवर तीन लाख किंवा ९० टक्के यांपैकी जे जास्त असेल ते. त्यापुढच्या रकमेवर ६० टक्के. आपल्या नमुन्यात पहिल्या सहा लाखांवर ५ लाख ४० हजार आणि उरलेल्या ८ लाख ८० हजारांवर ५ लाख २८ हजार. एकूण १० लाख ६८ हजार, दोघा भावांत निम्मे निम्मे.

तिसरा तुकडा म्हणजे उरलेला नफा : ४ लाख १२ हजार. हे पेढीचे करपात्र उत्पन्न. यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. रक्कम होते १ लाख २८ हजार ५४४ रुपये. कर भरून उरलेले २ लाख ८३ हजार ४५६ रुपये चौघांत वाटले जातात, प्रत्येकी ७० हजार ८६४. तेव्हा लागू असलेल्या जुन्या आयकर कायद्याच्या कलम १० (२ए) नुसार नफ्याचा हा हिस्सा भागीदाराच्या हातात करमुक्त. व्याज आणि मेहनताना मात्र त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रात धंद्याचे उत्पन्न म्हणून धरायचे.

इथपर्यंत सगळे सुबक दिसते. एकाच नफ्यावर दोनदा कर नाही, हा कायद्याचा हेतू पाळलेला दिसतो. पण हाच हिशेब एकेका माणसाच्या बाजूने मांडून पाहावा.

काकूंचे वर्षाचे उत्पन्न किती? व्याजाचे ३० हजार आणि करापूर्वीच्या नफ्यातला चौथा हिस्सा १ लाख ३ हजार. एकूण १ लाख ३३ हजार. या देशात एवढ्या उत्पन्नाच्या व्यक्तीला आयकर लागत नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर शून्य आहे आणि सवलत धरली तर बारा लाखांपर्यंत. तरीही काकूंच्या हिश्शातून पेढीने ३२ हजार १३६ रुपये कर भरला. त्यांच्या एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिले तर शेकडा चोवीस. वर्षाला ५० लाख रुपये कमावणाऱ्या पगारदाराचा नव्या प्रणालीतला सरासरी दर काढला, तर तो उपकरासह साडेबावीस टक्क्यांच्या आतच राहतो.

आणि दुकानात राबणारे दोघे भाऊ? प्रत्येकाचे उत्पन्न मेहनताना, व्याज आणि हिस्सा धरून ६ लाख ६७ हजार. त्यांच्या वाट्याचा कर तेवढाच, ३२ हजार १३६. दर पाच टक्क्यांहूनही कमी. एकाच पेढीत, एकाच वर्षी, जिचे उत्पन्न भावाच्या पाचव्या भागाइतके आहे तिच्यावरच्या कराचा दर भावाच्या दराच्या पाचपट. मिळकत वाढते तसा कराचा दर वाढावा हे आयकराचे मूळ तत्त्व. पेढीच्या आत ते नेमके उलटे झाले आहे. आणि काकूंना परतावा मागण्याची वाट नाही, कारण कागदावर हा कर त्यांनी भरलेलाच नाही. तो पेढीने भरला. त्यांच्या हातात आले ते करमुक्त उत्पन्न.

अशा काकू प्रत्येक बाजारपेठेत आहेत. भागीदारी ही आपल्याकडे केवळ धंद्याची व्यवस्था नाही. घरातला कर्ता माणूस गेला, कोणी आजारी पडला, बहिणीला आधार द्यायचा झाला, तर ‘चार आणे तिच्या नावे ठेवा’ असे घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात. विमा नाही, पेन्शन नाही, अशा घरांत ही भागी म्हणजेच पेन्शन. दुकानात बसत नाही तो भागीदार म्हणजे भांडवलदार, असे गृहीत धरून नियम केला की तो सगळ्यात आधी या माणसांना लागतो.

याला बाजारात उपाय सांगितले जातात, तेही आपल्या कानावर घालतो. एक सल्ला असा की काकूंनाही भागीदारी पत्रात कार्यरत भागीदार दाखवा. त्या कधी दुकानात येत नाहीत हे सगळ्या पेठेला माहीत असते. दुसरा सल्ला, पेढी मोडा, एकाच दुकानात दोघांच्या नावे दोन मालकी धंदे दाखवा. पहिल्यात खोटे लिहावे लागते, दुसऱ्यात चाललेला धंदा तोडावा लागतो. मी दोन्ही सल्ले देत नाही. पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाला ‘सरळ वागा आणि जास्त भरा’ याखेरीज दुसरे काही सांगता येत नाही, तेव्हा वाईट वाटते.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आपण मेहनतान्याची मर्यादा दुप्पट केलीत. त्याआधी पहिल्या तीन लाखांवर ९० टक्के आणि किमान दीड लाख अशी मर्यादा होती आणि ती २००९ पासून जशीच्या तशी होती. हा बदल खरोखर उपयोगी ठरला, त्याबद्दल आपले आभार. मात्र त्याचा लाभ कार्यरत भागीदारांनाच झाला. व्याजाची मर्यादा १९९२ मध्ये १८ टक्के होती, ती २००२ मध्ये १२ वर आली आणि तिथेच राहिली. काकूंना पेढीतून व्याज आणि उरलेल्या नफ्याचा हिस्सा, एवढेच मिळू शकते.

त्याच अर्थसंकल्पाने कलम १९४टी आणले. १ एप्रिल २०२५ पासून पेढीने भागीदाराला दिलेला पगार, मेहनताना, बोनस, कमिशन आणि व्याज यांची बेरीज वर्षाला २० हजारांच्या वर गेली की त्यावर १० टक्के टीडीएस कापायचा. रक्कम हातात दिली नाही, नुसती भांडवल खात्यात जमा केली, तरी कापायचा. आपल्या नमुना पेढीत व्याज आणि मेहनताना मिळून ११ लाख ८८ हजार; टीडीएस १ लाख १८ हजार ८००. दोघा भावांचे करपात्र उत्पन्न प्रत्येकी ५ लाख ६४ हजार, म्हणजे कर शून्य. तरी प्रत्येकाचे ५६ हजार ४०० रुपये परतावा मिळेपर्यंत सरकारजमा. तेवढ्याने एखाद्या दुकानाच्या दिवाळीच्या मालाची खरेदी अडते.

काकूंचे तीन हजार कापले गेले. हेच ३० हजारांचे व्याज त्यांना बँकेच्या ठेवीवर मिळाले असते तर एक रुपयाही कापला गेला नसता, कारण बँकेसाठी मर्यादा ५० हजार आहे आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाख. ती मर्यादा आपणच २०२५ च्या अर्थसंकल्पात वाढवलीत. शिवाय बँकेत तेव्हा १५जी किंवा १५एच फॉर्म भरून कपात थांबवता येत असे. २०२५-२६ मध्ये १९४टी साठी ती सोय नव्हती. आता तीन हजार परत मिळवायला काकूंनी विवरणपत्र भरायचे, तेही आयटीआर-३, कारण पेढीच्या भागीदाराला साधा छोटा फॉर्म चालत नाही. ते भरून घेण्याची फी तीन हजारांतला मोठा भाग खाते. माझ्यासारख्याला ती फी मिळते, म्हणूनच हे मी आवर्जून लिहितो.

टीडीएसची खरी अडचण रकमेपेक्षा तारखेत आहे. वर सांगितलेले मेहनतान्याचे सूत्र बुक प्रॉफिटवर चालते. बुक प्रॉफिट कळतो तो शिल्लक माल मोजून, येणी-देणी जुळवून, घसारा लावून हिशेब पूर्ण झाल्यावर. छोट्या पेढीत ते काम जून-जुलैपर्यंत चालते, लेखापरीक्षण असेल तर सप्टेंबरपर्यंत. पण मेहनताना जमा धरला जातो ३१ मार्चला आणि त्यावरचा टीडीएस भरायचा ३० एप्रिलपर्यंत. म्हणजे जी रक्कम अजून ठरलेलीच नाही तिच्यावरचा कर आधी कापायचा. कमी कापला तर फरकावर महिन्याला एक टक्का व्याज, कापून उशिरा भरला तर दीड टक्का, तिमाही विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. वर, कर न कापलेल्या रकमेचा ३० टक्के भाग पेढीच्या खर्चातून नामंजूर होतो.

आणि उचल? भाऊ घरखर्चासाठी दर महिन्याला गल्ल्यातून पंचवीस-तीस हजार घेतात. खतावणीत ते भागीदाराच्या नावे पडतात. ही उचल भांडवलातली की मेहनतान्यापोटी, हे वर्ष संपल्यावर ठरते. भांडवलातून उचल असेल तर टीडीएस नाही, मेहनताना असेल तर ज्या दिवशी दिला त्या दिवशीच कापायला हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही हिशेबाची रीत आहे आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. पण करअधिकाऱ्याला वाटले तर दर महिन्याची उचल हा दर महिन्याचा मेहनताना ठरू शकतो.

भागीदाराच्या पगाराला कायदा पगार मानत नाही, हेही इथे नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. चिदंबरम पिल्लै यांच्या खटल्यात सांगितले की भागीदाराला पेढीकडून मिळणारा पगार हा नफ्याच्या वाटणीचाच एक प्रकार आहे. चहाच्या मळ्याच्या पेढीचे ते प्रकरण होते. निकाल मला पटतो. मेहनताना, व्याज आणि हिस्सा ही एकाच नफ्याची वाटणी आहे. म्हणूनच तर भागीदाराला पगारदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत नाही. मग त्याच नफ्याच्या दोन तुकड्यांवर माणसाच्या दराने आणि तिसऱ्यावर पेढीच्या दराने कर का, याचे उत्तर मिळायला हवे.

आता सगळ्यात छोट्या पेढ्यांकडे येतो. माझ्या मते यातला सर्वांत ढळढळीत अन्याय तिथे आहे.

जुन्या कायद्यातल्या कलम ४४एडी ची अनुमानित उत्पन्नाची योजना छोट्या धंद्यासाठी केलेली. उलाढाल दोन कोटींपर्यंत, रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर तीन कोटींपर्यंत; रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा आणि वह्यांच्या कटकटीतून सुटायचे. व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि भागीदारी पेढी, तिघांनाही ती खुली. आधी पेढीला या ८ टक्क्यांतूनही भागीदारांचे व्याज आणि मेहनताना वजा करता येत असे. २०१६ च्या वित्त कायद्याने ती तरतूद वगळली.

परिणाम पाहा. जत किंवा तासगावसारख्या ठिकाणी दोन भावांचे एक दुकान, उलाढाल १ कोटी २० लाख, सगळी रोख. ८ टक्क्यांनी उत्पन्न ९ लाख ६० हजार. पेढीचा कर ३१.२ टक्क्यांनी २ लाख ९९ हजार ५२० रुपये. शेजारचे दुकान एकट्या मालकाचे, उलाढाल तीच, उत्पन्न तेच. त्याचा २०२५-२६ चा कर, नव्या प्रणालीतली सवलत धरून, शून्य. दोन कुटुंबे जिच्यावर जगतात ती पेढी तीन लाख भरते, एक कुटुंब जगते त्या दुकानाला काहीच नाही. या दोन्ही दुकानांचे कागद एकाच टेबलावर असतात तेव्हा मला त्या भावांना समजावून सांगता येत नाही. पेढीतून नाकारलेली ही वजावट भागीदाराने मेहनताना घेतल्यावर त्याच्या हातात पुन्हा करपात्र ठरते का, यावर सल्लागारांतही दोन मते आहेत.

ज्यांनी सुरुवातीपासून वह्या ठेवल्या त्यांचे बरे आहे. याच भावांनी वह्या ठेवून मेहनताना वजा केला असता तर पेढीचा कर ६३ हजार ६४८ झाला असता. पण एकदा अनुमानित योजनेत शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडले तर पुढची पाच वर्षे ती योजना बंद आणि पेढीला करपात्र उत्पन्न असेल तर लेखापरीक्षण सक्तीचे. पेढीला मूळ करमुक्त मर्यादाच नसल्याने एक रुपयाचा नफाही त्यासाठी पुरतो. ज्यांना वह्या लिहिणे परवडत नाही म्हणून योजना काढली, तेच तिच्यात सापडले.

ही रचना कोणी दुष्टाव्याने केली असे मी म्हणत नाही. १९९२ पर्यंत नोंदणीकृत पेढीवर थोडा कर लागत असे आणि उरलेला नफा भागीदारांच्या उत्पन्नात धरून त्यांच्या दराने कर बसत असे. त्यात पेढीची नोंदणी मान्य की अमान्य यावर वाद चालत. पेढीच्या करनिर्धारणात काही बदल झाला की प्रत्येक भागीदाराचे प्रकरण पुन्हा उघडावे लागे. भागीदार वेगवेगळ्या वॉर्डात, फायली कागदाच्या, एका फायलीची माहिती दुसरीकडे पोचायला वर्षे जात. करनिर्धारण वर्ष १९९३-९४ पासून पेढीला स्वतंत्र करदाता मानून एकाच ठिकाणी कर घेण्याची पद्धत आली ती या गोंधळातून सुटण्यासाठी. त्या काळी ते शहाणपणाचे होते.

आज ती अडचण राहिलेली नाही. पेढीचा पॅन वेगळा, भागीदारांचे पॅन तिच्या विवरणपत्रात नोंदलेले, प्रत्येकाच्या हिश्शाची टक्केवारी तिथेच भरलेली. बँकेतले व्याज, शेअरची विक्री, जमिनीचा व्यवहार हे सारे विभाग प्रत्येक करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आपणहून दाखवतो. पेढीच्या विवरणपत्रातून काकूंचा हिस्सा त्यांच्या विवरणात आणायला संगणकाला क्षणही लागणार नाही.

ब्रिटनमध्ये हीच पद्धत चालते. तिथे साधी भागीदारी पेढी विवरणपत्र भरते, पण स्वतः आयकर भरत नाही. व्यापारी नफा काढायचा, त्यातून करारानुसार ज्याला पगार आणि भांडवलावर व्याज ठरले असेल ते त्याच्या वाट्याला टाकायचे, उरलेला नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. प्रत्येकाची बेरीज हाच त्याचा करपात्र हिस्सा. जणू त्याचा तो स्वतंत्र धंदा आहे अशा रीतीने त्याच्यावर कर बसतो आणि १२,५७० पौंडांची वैयक्तिक सूट ज्याची त्याला मिळते. अमेरिकेतही पेढी माहिती देते आणि कर भागीदार भरतात. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचा वारसाही इंग्लंडच्या कायद्याकडेच जातो आणि आपल्या कायद्यातही भागीदारांहून वेगळी अशी पेढी नाही. करारात काही लिहिले नसेल तर नफा-तोटा सगळ्यांत सारखा वाटायचा असे कलम १३ सांगते.

आपल्या खात्याचा आक्षेप काय असेल याची मला कल्पना आहे. कर भागीदाराच्या हातात गेला की नावापुरते भागीदार वाढतील आणि नफा फोडून प्रत्येकाचा तुकडा करमुक्त मर्यादेत बसवला जाईल. धोका खरा आहे. पण पती-पत्नी आणि अज्ञान मुलांचे उत्पन्न एकत्र धरण्याच्या तरतुदी कायद्यात आधीपासून आहेत आणि पेढीत ५० पेक्षा जास्त भागीदार घेताच येत नाहीत. शिवाय ही मोकळीक छोट्या पेढ्यांपुरती ठेवता येईल : सर्व भागीदार व्यक्ती असलेल्या, उलाढाल तीन कोटींच्या आतल्या. आज कंपन्यांना २०१९ च्या सुधारणेनुसार २२ टक्क्यांचा दर निवडता येतो. त्यासाठी कंपनी मोठी असावी लागत नाही. जिला कंपनी काढणे परवडत नाही त्या पेढीला मात्र ३०.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली, मागील वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांच्या जागी एकच कर वर्ष आले. हे काम मोठे आहे. पण भागीदाराचा हिस्सा काढण्याचे सूत्र जुन्यातून नव्यात तसेच उतरले.

माझी पहिली विनंती अगदी छोटी आहे आणि ती येत्या वित्त विधेयकात सहज बसेल. अनुमानित योजनेतल्या पेढीला भागीदारांचे व्याज आणि मेहनताना वजा करू देणारी २०१६ पूर्वीची तरतूद परत आणावी. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, सूत्र कायद्यात आहेच.

दुसरी विनंती टीडीएसची. भागीदाराच्या मेहनतान्यावरचा कर पेढीचे हिशेब पूर्ण झाल्यावर, विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरता यावा. व्याजाची मर्यादा बँकेइतकी करावी. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही त्याला बँकेतल्या ठेवीदारासारखे घोषणापत्र देता यावे.

तिसरी विनंती मोठी आहे, तिला वेळ लागेल हे मी जाणतो. छोट्या पेढीला निवड द्यावी : आजच्यासारखा पेढीने कर भरावा, किंवा सगळा नफा भागीदारांच्या विवरणपत्रात जावा आणि ज्याने त्याने आपल्या दराने भरावा. कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवून सूचना मागवाव्यात. महाराष्ट्रातल्या बाजारपेठांतले व्यापारी, सीए आणि कर सल्लागार आकडे घेऊन पुढे येतील.

हे पत्र वाचणाऱ्या भागीदारांनाही एक सांगणे आहे. यंदा ताळेबंदावर सही करण्यापूर्वी आपल्या हिशेबनिसाला विचारा, पेढीने भरलेल्या करातला माझ्या वाट्याचा भाग किती? तो आपल्या उत्पन्नाशी ताडून पाहा आणि आपल्या खासदारांना कळवा.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, सांगली